जिवाचे खिळे

“वहिनी, हात जोडू नका. गिऱ्हाइकानं हात जोडले की शेट ऐकत नाही मग,” पास्कूभावजी माझ्या कानाशी पुटपुटले.

हात जोडले गेलेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मुंबईत जुनी जहाजं तोडतात त्या दारूखान्यातलं ते गोडाऊन तोडलेल्या बोटींच्या सामानानं गच्च भरलं होतं. गोल खिडक्या, नांगराच्या साखळ्या, खुर्च्या, कॅप्टनच्या खोलीतले आरसे. त्या सगळ्याच्या मागे भिंतीला टेकून एक लाकडी चौकट उभी होती. पुढे धुरकट काच, काचेमागे शेकडो पितळी खिळे आणि मधोमध तांबड्या पाकळ्यांचं एक कमळ. मला तो एखाद्या परक्या देशातला देव्हाराच वाटला.

“चालत नाय हां ते, बाई,” शेट म्हणाला. “आधीच सांगतो. मागून कशी पण तक्रार नको. शोभेला घ्यायचं तर घ्या.”

“चालत नाही तेच हवंय,” पास्कूभावजी म्हणाले. “आमच्याकडे एक माणूस आहे, तोही चालत नाही. दोघांना समोरासमोर बसवून बघायचंय, कोण आधी उठतं ते.”

शेट हसला. मी हसले नाही. पण पास्कूभावजींवर रागावणं मला कधी जमलं नाही. वसईचा हा माणूस सव्वीस वर्षं आमच्या ह्यांच्याबरोबर बोटीच्या इंजिनखोलीत घाम गाळत होता. माझे उपास आणि त्यांचे मासे यांवरून आमची थट्टा चालायची, ती माझ्या लग्नापासूनची.

ही गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. त्या माघात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, उजवीकडचं दिसणं अंधूक झालं आणि बोलणं तर जवळजवळ संपलंच. पाय हळूहळू काठीवर आला. हात मात्र छातीशी दुमडलेला, मेलेल्या पाखरासारखा. पनवेलच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की जे काय परत यायचं ते पहिल्या आठ-नऊ महिन्यांत येतं, नंतर फारशी आशा धरू नका. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, “सगळं येणार म्हणालेत.” ह्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तीन महिने ह्यांच्या तोंडातून ‘हो’, ‘नको’ आणि ‘पुरे’ यापलीकडे शब्द नव्हता. भरवायला गेलं की दोन घासांनी ‘पुरे’. व्यायामाच्या बाई आल्या की ‘पुरे’. मग एके दिवशी पास्कूभावजी खाटेशी बसून जुन्या गोष्टी उगाळत होते. जपानात कोबेच्या बंदरात बोट दुरुस्तीला लागली होती, चाळीस दिवस अडकून पडले होते दोघं, ती गोष्ट. “आणि हरी, ते पोलादी गोळ्यांच्या जुगाराचं दुकान रे, काय म्हणायचे त्याला? सकाळी उठलो की मी तिथं, रात्री हाकललं की बाहेर...”

“पाचिंको,” हे म्हणाले.

स्वच्छ. एक अक्षर चुकलं नाही. पास्कूभावजींच्या हातातला चहा अर्धा बशीत सांडला. मी आत जाऊन देवापुढे साखर ठेवली.

म्हणून आम्ही दारूखान्यात होतो. पास्कूभावजींनी आधीच तिथल्या ओळखीच्या लोकांना तसलं यंत्र हुडकायला सांगून ठेवलं होतं.

गोणपाटात गुंडाळून यंत्र भाऊच्या धक्क्यावर आणलं, तिथून लाँचनं मोऱ्याला, मोऱ्याहून उरणला आमच्या दारात. आता खरं सांगायचं तर माझा जीव थोडा खालीवर होत होता. कितीही झालं तरी जुगाराचीच वस्तू. मी लाँचमध्ये तसं म्हटलंही.

“वहिनी, याच्यात पैसे टाकायचे नाहीत. गोळ्या टाकायच्या आणि गोळ्या मिळवायच्या,” पास्कूभावजी म्हणाले. “तुम्ही एवढ्या वाती वळून देवाला देता, देव काय देतो परत? तेवढाच हा जुगार.”

“असं बोलू नये.”

“बरं, नाही बोलत. पण देवाला विचारा एकदा, त्याला आवडेल खेळायला.”

घरात घेण्याआधी मी त्याच्यावर गंगाजल शिंपडलं. खाटेवरून हे बघत होते. त्यांच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. किती तरी दिवसांनी हसले होते.

*

यंत्राची रीत साधी होती. उजव्या हाताला खाली एक छोटा दांडा. तो अंगठ्यानं दाबून सोडायचा. त्यासरशी हरभऱ्याहून थोडी मोठी पोलादी गोळी कडेकडेनं वर चढायची आणि खिळ्यांतून टणटणत खाली यायची. बहुतेक गोळ्या तळच्या भोकात गडप व्हायच्या. एखादी मधल्या कमळात पडली की पाकळ्या उघडायच्या, घंटा वाजायची आणि खालच्या ताटलीत पंधरा गोळ्या खळखळून यायच्या. अर्थात हे सगळं पास्कूभावजींनी सांगितलेलं. आमचं यंत्र मुकं होतं. मागची स्प्रिंग गंजून तुटली होती, लाकूड फुगलं होतं, कमळाची एक पाकळी गायब होती.

पहिल्या दिवशी ह्यांनी ते नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी डावा हात पुढे करून म्हणाले, “पेचकस.”

वैशाखापासून आश्विनापर्यंत आमचं घर त्या यंत्राभोवती फिरत होतं. हे सकाळी उठून बसायचे. दोन घासांची दीड पोळी झाली. स्प्रिंग पास्कूभावजींनी कुठूनशी जमवून आणली. पाकळी माझ्या साबणाच्या डबीच्या झाकणातून कापली, ती कानशीनं घासायला ह्यांना अकरा दिवस लागले. डावा हात काम करायचा आणि उजव्या हाताच्या पंजाखाली वस्तू दाबून धरायची, अशी युक्ती त्यांनी काढली. व्यायामाच्या बाई ते बघून थक्क झाल्या. “मी सांगते तेव्हा पंजा उघडत नाहीत, आणि स्क्रू धरायला बरा उघडतो!”

“स्क्रू... ओरडत नाही,” हे म्हणाले.

बाई खूप हसल्या. जाताना मला दारापाशी म्हणाल्या, “काकू, अंगठा हलतोय. खरंच हलतोय. आता एक दिवससुद्धा चुकवू देऊ नका. अंगठा आला की बोटं येतात.”

माझ्याकडे गंजलेल्या गोळ्यांचं काम होतं. रॉकेलमध्ये भिजवायच्या, मग भाताच्या तुसात घालून पिशवी घोळायची. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला. त्या वर्षी मी लक्ष वातींचा नेम धरला होता, शिवाय सकाळची पूजा होईपर्यंत मौन. मी मांडीवर वाती वळत बसायची आणि हे समोर यंत्रात डोकं घालून. दोघांपैकी कोणी बोलायचं नाही. पास्कूभावजी आले की दारातून ओरडायचे, “अरे, हे घर आहे की मठ!”

श्रावण संपता संपता ह्यांनी काच उघडून खिळ्यांना हात घातला. त्यासाठी पास्कूभावजींकरवी सोनाराची बारीक हातोडी मागवून घेतली. डाव्या हातात हातोडी धरायची, खिळ्याच्या डोक्यावर हलकेच टिक करायचं, मग एक गोळी घेऊन दोन खिळ्यांमधून सरकवून बघायची. परत टिक. डोळ्यांनी नाही, कारण अर्धं दिसतच नव्हतं. बोटानं. एकेका खिळ्यावर अर्धा अर्धा दिवस जायचा.

“हे काय करताय?” मी एकदा विचारलं.

बराच वेळ शब्द शोधत राहिले. मग म्हणाले, “खिळे... नाजूक.”

मी मान हलवली. जुने खिळे, त्यात पितळ, तुटतील म्हणून जपून ठोकताहेत असं मला वाटलं. पण ठोकून झालेले खिळे एका रांगेत दिसत नव्हते. काही वर कललेले, काही डावीकडे. मधल्या कमळावरचे दोन तर बैलाच्या शिंगांसारखे एकमेकांपासून फाकलेले. मी मनाशी म्हणायची, बिचारा डावा हात. सरळ करायला जातात आणि वाकडेच होतात. मी त्यांना काही बोलले नाही. कसं बोलणार?

भाद्रपद सरता सरता एका दुपारी ह्यांनी डावा हात आडवा नेऊन दांडा दाबला. गोळी वर गेली, टणटणत आली, चुकली. दुसरी चुकली. तिसरी कमळात. घंटा अशी खणखणली की शेजारच्या माई धावत आल्या. ताटलीत पंधरा गोळ्या! त्या दिवशी डाव्या हातानं सोडलेल्या शंभरातल्या नऊ गोळ्या कमळात पडल्या. ह्यांनी काच लावली, कडी घातली आणि एक एक शब्द उचलून मांडत म्हणाले,

“यंत्र... झालं. आता हात.”

पास्कूभावजींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. “मग मुहूर्त कधीचा, कप्तान?”

“दसरा.” मग ह्यांनी माझ्याकडे पाहून उजव्या अंगठ्याला डाव्या हातानं धरलं. “हा... खेळेल. एक तरी कमळात. मग... सगळा व्यायाम. वर्षभर. दोन वर्षं.”

“आणि नाही पडली तर?” पास्कूभावजी गमतीत म्हणाले.

“मग पुरे.”

ते मात्र गमतीत नव्हतं. बोटीवरच्या माणसांचं असंच असतं. एकदा ठरलं की ठरलं. इकडे डॉक्टरांनी सांगितलेली आठ-नऊ महिन्यांची मुदत भरत आली होती, ती त्यांना मी कधी सांगितली नव्हती, पण त्यांना ठाऊक असावी.

*

आमच्याकडे दसऱ्याला घरातली सगळी हत्यारं पुजतात. कोयता, विळी, पाटावरवंटा, ह्यांची हत्याराची पेटी. घासूनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून. माझ्या सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं की पूजेत भंगलेलं, वाकलेलं काही ठेवायचं नाही. विळीचं पातं वाकलं असेल तर आधी लोहाराकडे पाठवायची, मग पाटावर. ते मी बत्तीस वर्षं पाळत आले होते. त्या वर्षी पूजेत यंत्र असणार होतं.

नवमीच्या दिवशी पास्कूभावजी ह्यांना रिक्षानं पनवेलला तपासणीला घेऊन गेले. यायला चार वाजणार होते. घटाशेजारी अखंड दिवा तेवत होता, मला नऊ दिवसांचा उपास होता, अंगात एक हलकेपणा आला होता. मी यंत्राची कडी काढली, काच उघडली.

आधी चिंचेच्या कोळानं खिळे उजळले. कापसाचा बोळा काडीला गुंडाळून, एकेका खिळ्याला लावून, लगेच ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं. देवाची समई उजळते तसे. मग ह्यांच्या पेटीतली सगळ्यांत लहान पकड काढली, पितळेला चरा पडू नये म्हणून तिच्या तोंडाला वातींचा कापूस गुंडाळला, आणि वरच्या कोपऱ्यापासून एकेक वाकडा खिळा सरळ करत खाली आले. प्रत्येक खिळ्यागणिक देवाचं एक नाव. नावं संपली की परत पहिल्यापासून. मान भरून आली, तरी उठले नाही. कमळावरचे ते दोन फाकलेले खिळे मी अगदी शेवटी केले. ते सर्वांत हट्टी होते. जवळ घेतले, ताठ केले, दोन्ही हात जोडून उभ्या असलेल्या माणसासारखे दिसेपर्यंत सोडले नाहीत.

साडेतीनला काच लावली. आत सगळे खिळे एका ओळीत, सोन्यासारखे. मला वाटलं, ह्यांच्या डाव्या हाताचं जे राहून गेलं होतं ते मी पुरं केलं. आता उद्या गोळीला वाट सरळ मिळेल. अगदी असंच वाटलं होतं, शपथेवर सांगते.

हे आले, यंत्राकडे पाहून थबकले. काचेवर नाक लावून म्हणाले, “चकाकतंय.”

“चिंचेनं उजळलं. उद्या पूजेत ठेवायचं ना!”

“छान.”

तेवढंच मी सांगितलं. पकडीचं बोलले नाही. त्यांना कमीपणा वाटेल म्हणून.

*

दसऱ्याला दुपारची जेवणं झाल्यावर ह्यांनी खुर्ची यंत्रासमोर ओढून घेतली. यंत्रावर झेंडूचा हार होता. मी कुंकू लावलं. पास्कूभावजी नवा शर्ट घालून आले होते, आपट्याची पानं खिशात कोंबून. ताटलीत शंभर गोळ्या.

ह्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून दांड्यावर ठेवला आणि डावा काढून घेतला. मग थांबले. अंगठा थरथरला. कपाळावर घाम. आणि अंगठ्यानं दांडा दाबला. आपण होऊन. आठ महिन्यांनी त्या अंगठ्यानं पोलाद हलवलं. माझ्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं.

पहिली गोळी वर चढलीच नाही. पाचवी चढली. मग एकामागून एक चढू लागल्या. टणटणत खाली यायच्या, कमळापर्यंत यायच्या, त्या दोन खिळ्यांवर आपटून कडेला जायच्या.

“जवळ गेली! जवळ गेली रे!” पास्कूभावजी ओरडत होते. “जरा जोर कमी कर, हरी. हां. आता थोडा जास्त!”

चाळीस. साठ. मी मनातल्या मनात देवाला हाका मारत होते. ऐंशीच्या पुढे अंगठा आखडायला लागला. ह्यांनी तो डाव्या हातानं चोळला, परत ठेवला. शेवटच्या दहा गोळ्यांना अर्धा तास लागला असेल. शंभरावी कमळाच्या माथ्यावर एक क्षण थांबल्यासारखी वाटली. मग घरंगळली.

ताटली रिकामी होती.

“आज वारा जरा...” पास्कूभावजी काहीतरी बोलायला गेले. घरात कसला वारा!

“अहो, अंगठा हलला की!” मी म्हटलं. “हेच केवढं आहे. उद्या परत बघू.”

ह्यांनी उजवा हात दांड्यावरून उचलला, छातीशी नेला, होता तसा ठेवला. “यंत्र ठीक आहे,” ते म्हणाले. “मी पाहिलंय. शंभरात नऊ. हात... नाही.”

“एका दिवसात काय कळतंय?”

“कुमुद.” लग्नानंतर माणसांसमोर ह्यांनी मला नावानं हाक मारलेली ती पहिलीच. “पुरे.”

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या बाई आल्या, तेव्हा ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. बाईंनी समजावलं, दटावलं, एकदा रागावून निघूनही गेल्या आणि चार दिवसांनी परत आल्या. ह्यांनी पंजा उघडला नाही. पंधरा दिवसांत तो आपणहून उघडेनासा झाला. यंत्रावर मी माझं जुनं लुगडं टाकलं.

*

पाडव्याला पास्कूभावजी फराळाला आले. हे आत झोपले होते. करंजी खात खात भावजींनी लुगडं बाजूला केलं आणि सहज, वेळ घालवायला म्हणून, गोळ्या सोडू लागले. धडधाकट हात, चांगली नजर. दहा गेल्या. वीस गेल्या. तीस झाल्या तेव्हा त्यांचं चावणं थांबलं.

त्यांनी कडी काढली, काच उघडली. एक गोळी चिमटीत धरून कमळावरच्या दोन खिळ्यांमध्ये घातली. गोळी आत गेली नाही. दाबली, तरी गेली नाही. खिळ्यांवर बसून राहिली.

“वहिनी,” ते हळू आवाजात म्हणाले. “हे खिळे कोणी सरळ केले?”

“मी. नवमीला. का?”

ते खाली बसले. जमिनीवरच.

“वाकडे होते ना! पूजेत ठेवायचे, म्हणून...” मी म्हणाले. “आणि ह्यांच्या डाव्या हाताला जमत नव्हतं म्हणून.”

“वाकडे नव्हते हो, वहिनी. वाकवलेले होते.” त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “तेच तर सगळं काम असतं याच्यात. कोबेला त्या दुकानात एक म्हातारा होता. रोज सकाळी दार उघडायच्या आत हातोडी घेऊन एकेका यंत्राचे खिळे लावायचा. केसाएवढा इकडे, केसाएवढा तिकडे. मी झोपलेला असायचो. हरी जायचा पहाटे, त्याच्या बाजूला उभा राहायचा. चाळीस दिवस. म्हाताऱ्यानं शेवटी शेवटी त्याच्या हातात हातोडी दिली होती. हे दोन आहेत ना, कमळावरचे, यांना तिकडे जिवाचे खिळे म्हणतात. यांच्यात गोळीपुरती वाट असली तर यंत्र जिवंत. तुम्ही ती बुजवली.”

एवढंच आठवतं की मी त्यांना म्हटलं, “त्या दिवशी मग... हातानं...”

“हातानं काहीच चुकलं नव्हतं. दहा-बारा गोळ्या तर बरोबर त्या वाटेवर आल्या होत्या. मीच ओरडत होतो की जवळ गेली, जवळ गेली.”

“तुम्ही परत वाकवा ते. आत्ता. ते उठायच्या आत.”

“मला नाही येत, वहिनी. मी नुसता खेळायचो.”

“मग सांगूया त्यांना.”

“सांगायलाच हवं. मी सांगू?”

“नको,” मी म्हणाले. “चूक माझी आहे. मी सांगेन.”

आणि सांगितलं नाही. भाऊबीज गेली. रोज सकाळी मौन असायचं, ते सुटलं की मी खाटेपाशी जायची, चहा द्यायची, उशी सारखी करायची आणि परत यायची. ज्या हातानं वाती वळल्या त्याच हातानं हे केलं, हे त्यांच्या डोळ्यांत मला बघायचं नव्हतं. मी देवाला म्हणत होते, एवढं बळ दे. एकेक दिवस किती महाग होता हे मला माहीत होतं. व्यायामाच्या बाईंनी स्वच्छ सांगितलेलं होतं. तरी नऊ दिवस मी घालवले.

कार्तिकी एकादशीला चातुर्मास सुटला. मी पास्कूभावजींना बोलावून घेतलं, साक्षीला. दुपारी ह्यांना तक्क्याला टेकवून बसवलं, यंत्रावरचं लुगडं काढलं, पुढ्यात बसले आणि सगळं सांगितलं. चिंच, पकड, कापूस, नावं, जोडून उभे केलेले दोन खिळे. एकही गोष्ट ठेवली नाही. सांगताना माझा आवाज कापत नव्हता, याचं मलाच नवल वाटलं.

पास्कूभावजींनी काच उघडून गोळी त्या दोन खिळ्यांवर ठेवून दाखवली. “बघ, हरी. जातच नाही. तुझा हात बरोबर होता. देवाशपथ बरोबर होता. तू हे परत लाव, फक्त तूच लावू शकतोस, आणि उद्यापासून बाईंना बोलावतो. थोडा उशीर झालाय, पण...”

हे यंत्राकडे पाहत राहिले. मग पास्कूभावजींकडे. मग माझ्याकडे. डोळ्यांत राग नव्हता. रागाची मी तयारी करून बसले होते.

“कधी केलंत?” त्यांनी विचारलं.

“नवमीला. सांगितलं ना!”

मान हलली. नाही अशी. “आता केलंत. काल. परवा.”

“अहो, नाही हो!”

“दोघांनी मिळून.” डावा हात उचलून त्यांनी पास्कूभावजींकडे बोट केलं. “ह्याची अक्कल. तुझा हात.”

“हरी, येशूची शपथ घेऊन सांगतो...”

“माझी समजूत... काढायला,” हे म्हणाले. “यंत्र बिघडवलंत. म्हणजे... हात चुकला नाही, असं.” एवढं लांब वाक्य झटक्यानंतर ते प्रथमच बोलले असतील. दमले.

मी त्यांचे पाय धरले. “मी तुमच्याशी खोटं कशाला बोलेन? आज एकादशी आहे. तोंडात पाण्याचा थेंब नाही. आजच्या दिवशी मी खोटं बोलेन का?”

“बोलशील,” ते म्हणाले. “माघात बोललीस. सगळं येणार म्हणून.”

पास्कूभावजी उठून ओटीवर गेले. त्यांना रडताना मी त्या आधी कधी ऐकलं नव्हतं.

ह्यांनी डावा हात पुढे केला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि तिथेच राहू दिला. मग जरा पुढे वाकून, उघड्या काचेतून आत बोट घातलं. एका खिळ्यावरून दुसऱ्या खिळ्यावर, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत, हळूहळू फिरवलं. कमळावरच्या दोन खिळ्यांपाशी थांबले. चिमटीत धरून पाहिले.

“किती सरळ,” ते म्हणाले. “सगळे एकसारखे. कुमुद, हात चांगला आहे तुझा.”